‘गांव-गाडा’तील देवघेव आणि जालन्याकडील खेडी

मराठी खेड्याच्या आर्थिक जीवनाविषयी लिहू पाहणाऱ्या कोणत्याही अभ्यासकाला त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गांव-गाडा’ या ग्रंथाला वळसा घालून पुढे जाता येत नाही. बलुतेदार, अलुतेदार, फिरस्ते, बाजार, सावकारी यांविषयी मराठीत जे बोलले जाते, त्यातील बराच भाग कळत नकळत याच ग्रंथातून आलेला असतो. म्हणूनच या ग्रंथाला सर्व महाराष्ट्राचे प्रमाण मानण्याचा जो प्रघात पडला आहे, तो एकदा तपासून पाहणे अगत्याचे ठरते. त्या तपासणीसाठी जालन्याकडील खेडी विशेष सोयीची आहेत. आजचा जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला. त्यापूर्वी त्याचा बहुतेक भाग औरंगाबाद जिल्ह्यात मोडत असे, आणि १९४८ पर्यंत हा सारा मुलूख निजामाच्या राज्यात होता. आत्र्यांपुढील खेडे मुख्यतः मुंबई इलाख्यातील देशावरचे. भाषा एक, पीकपाणी बव्हंशी एक, परंतु राज्य व नाणे निराळे, अशी ही स्थिती होय.

आत्र्यांचे श्रेय प्रथम मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. खेडे हे स्वयंपूर्ण व सुखी प्रजासत्ताक होते, ही इंग्रज अंमलदारांनी रूढ केलेली आणि पुढे राष्ट्रीय अभिमानाने उचलून धरलेली कल्पना त्यांनी जमिनीवर आणली. खळ्यावर धान्याची रास पडली की तिच्याभोवती किती हात पसरतात, हे त्यांनी दाखविले. त्यांची भाषा खेड्याच्या तोंडची आहे. वस्तूला तिच्या खऱ्या नावाने हाक मारण्याची त्यांची सवय पुढील अनेक समाजशास्त्रीय निबंधांत आढळत नाही.

दोष आहे तो मापाचा. कुणब्याने दिलेल्या प्रत्येक शेराला मोबदल्यात काम किती मिळाले, हा आत्र्यांचा मूळ प्रश्न. या प्रश्नामुळे बलुते म्हणजे एक तोट्याची खरेदी ठरते. परंतु बलुते ही खरेदी होती काय? सुताराचेच उदाहरण घ्यावे. नांगर, वखर, तिफण यांची वर्षभराची दुरुस्ती तो बलुत्यात करी आणि त्याबद्दल सुगीत धान्य नेई. नवी गाडी घडवावयाची असली तर लाकूड शेतकऱ्याचे आणि मजुरी वेगळी ठरविलेली असे. तोच सुतार मोकळ्या वेळात केलेली वस्तू आठवड्याच्या बाजारी मांडून रोखीने विकू शके. एकच कारागीर व एकच गिऱ्हाईक यांच्यात हक्क, मजुरी आणि विक्री असे तीन प्रकारचे व्यवहार एका वर्षात होत. हिरोशी फुकाझावा यांनी १९७२ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात अठराव्या शतकातील मराठी कागदांच्या आधारे असे प्रतिपादन केले की, बलुतेदार हा एकेका घराचा नोकर नसून समग्र गावाचा सेवक होता. हे मान्य केल्यास एका कुणब्याच्या खळ्यावर बसून बलुत्याचा हिशेब मांडणे हेच अपुरे ठरते. आत्र्यांनी तिन्ही व्यवहार एकाच तागडीत घातले.

जालन्याकडे तर खुद्द तागडीच दुहेरी होती. निजामाच्या राज्यात हाली शिक्का चाले. इंग्रजी रुपयास कलदार म्हणत. विसाव्या शतकात शंभर कलदारांना सुमारे एकशे सतरा हाली हा भाव रूढ झाला. हैदराबाद–मनमाड हा गोदाखोऱ्याचा लोहमार्ग १९०० च्या सुमारास पूर्ण झाल्यावर जालन्याचा कापूस मुंबईच्या वाटेस लागला. ‘जालना, सोने का पालना’ ही म्हण ज्या भरभराटीची साक्ष देते, ती या पेठेची होय. कापसाचा भाव कलदारात बांधलेला, सारा हालीत भरावयाचा, सालगड्याचे धान्य पायलीने मोजावयाचे आणि पेरणीस घेतलेले बियाणे सवाई-दिढीने परत करावयाचे, अशा चार मापांत एकाच घराचा संसार चाले. मापामापांमधील अंतर ज्याला कळे तो आडत्या किंवा सावकार. ज्याला न कळे तो कुळवाडी. अडतीवर हमाली, तोलाई, धर्मादाय, कडता अशी वजावट निघे, आणि दलालांचा सौदा पुष्कळदा उपरण्याखाली बोटे दाबून होत असल्याने मालधन्यालाही भाव उघडपणे ऐकू येत नसे. येथे कुणब्याला लुबाडणारा हात खळ्याभोवतीच्या कारूंचा की पेठेतील आडत्याचा, हा प्रश्न आत्र्यांच्या मांडणीत पुरेसा तीव्र होत नाही.

मनुष्यबळ भाड्याने घेण्याच्या रीतींकडे पाहिले म्हणजे ही उणीव अधिक जाणवते. सालगड्याचा करार गुढीपाडव्यापासून पाडव्यापर्यंतचा. त्यात काही रोख उचल, काही धान्य, वस्त्रपात्र असे ठरे. उचल घरातील लग्नकार्यात किंवा जुने देणे भागविण्यात संपून जाई आणि पुढील पाडव्याला गडी पुन्हा त्याच दाराशी उभा राही. ही मजुरी म्हणावी की कर्जफेड? याच्या शेजारीच सावड आणि इर्जिक या रीती नांदत; त्यांत पैशाचा संबंध नव्हता, श्रमाची फेड श्रमाने किंवा जेवणाने होई. कापूसवेचणीस बायका लागत, आणि त्यांची मजुरी पुष्कळ ठिकाणी वेचलेल्या कापसाच्या वाट्यात दिली जाई. कारू आणि फिरस्ते यांच्याकडे आत्र्यांनी जितके बारकाईने पाहिले, तितके या वर्गांकडे पाहिलेले नाही.

तथापि बलुत्याला हक्काचे नाव देऊन त्याचे गोडवे गाणे ही उलट बाजूची चूक ठरेल. १९२८ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई कायदेमंडळात महार वतनासंबंधी विधेयक मांडले. वतनाच्या नाममात्र मोबदल्यात महारांना अहोरात्र सरकारी व गावकीची कामे करावी लागत. ती वेठ संपवून बलुत्याऐवजी रोख आकारणी व्हावी, हा त्यातील एक मुख्य मुद्दा होता. आत्र्यांना आणि आंबेडकरांना दोघांनाही जुनी वतनदारी मोडावयाची होती. परंतु एकाच्या हिशेबात कुणबी फार देत होता. दुसऱ्याच्या हिशेबात महार फार थोडे घेऊन फार राबत होता. एकाच पायलीची ही दोन मापे आहेत. त्यांपैकी ‘गांव-गाड्या’त केवळ एकच आढळते, आणि तेही देणाऱ्याच्या बाजूचे.

फिरस्त्यांविषयीच्या विवेचनात ही एकांगिता न्यायनिवाड्याचे रूप घेते. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने रूढ केलेली सरकारी दृष्टी आत्र्यांनी जवळजवळ जशीच्या तशी स्वीकारली आहे. मीठ, धान्य, जनावरे, औषधी मुळ्या, सुया-पोती घेऊन गावोगाव हिंडणारे लोक हे खेड्याचे चालते दुकान होते. लोहमार्गाने त्यांतील पुष्कळांचा धंदा बुडविला. बुडालेल्या व्यापाऱ्यास उपद्रवी भिकारी ठरविणे हे निरीक्षण नव्हे. तो कायदा १९५२ साली रद्द झाला. ग्रंथातील मत मात्र अद्यापि निर्धास्तपणे उद्धृत केले जाते.

तेव्हा ‘गांव-गाडा’ बाजूस सारावयाचा नाही, तर त्याची साक्ष उलटतपासणी करून घ्यावयाची आहे. आत्र्यांनी काय पाहिले याविषयी ते बहुधा विश्वसनीय आहेत. कोणाच्या ओट्यावर बसून पाहिले, हे वाचकाने प्रत्येक पानावर ध्यानी ठेवावयाचे आहे. जालन्याकडील एखाद्या खेड्याचा इतिहास लिहिणाऱ्याने खळे, पेठ आणि पाडव्याचा करार या तीन जागा वेगळ्या ठेवून प्रत्येकीचे माप निराळे मांडावे. ही मापे एकत्र मिसळली की हिशेब सुबक दिसतो, परंतु ज्यांचे देणे त्यात दडून जाते ते बहुधा ज्यांना लिहिता येत नव्हते असेच लोक असतात.