‘गोपनीयता’, ‘खासगी’ आणि ‘म्हणे’ : समाजमाध्यमविषयक मराठी परिभाषेची चिकित्सा

१

महाविद्यालयीन विद्यार्थी समाजमाध्यमांविषयी मराठीत लिहू लागला, की त्याच्या निबंधास सामान्यतः एक ठरीव घाट प्राप्त होतो. प्रारंभी माध्यमांच्या उपयुक्ततेचे वर्णन, मध्ये ‘गोपनीयते’वर आलेल्या संकटाची जाणीव आणि अखेरीस ‘माध्यमसाक्षरते’चे आवाहन. ह्या लेखनामागील हेतू प्रांजळ असतो आणि त्यातील विचारही सर्वथा चुकीचा नसतो. तथापि त्यात दोन संकटे एकमेकांशी काही नाते नसल्यासारखी निरनिराळ्या परिच्छेदांत बसविलेली आढळतात. आपले बोलणे नको त्याच्यापर्यंत पोचते, हे एक संकट. आणि कोणाचे ते न कळणारे बोलणे आपल्यापर्यंत पोचते, हे दुसरे. वस्तुतः दोहोंचे मूळ एकच आहे. उक्ती ज्या संदर्भात उच्चारली गेली, त्यापासून तिची फारकत होणे, हे ते मूळ होय. हे ऐक्य विद्यार्थ्याला दिसत नाही, याचा दोष त्याच्या बुद्धीकडे जात नाही. बव्हंशी तो त्याच्या हाती दिलेल्या परिभाषेकडे जातो.

२

प्रथम ‘गोपनीयता’ हा शब्द घ्यावा. संस्कृतातील ‘गुप्’ हा धातू ‘गोप’ म्हणजे गुराखी ह्या शब्दाशी निगडित असून त्याचा मूळ अर्थ ‘राखणे, रक्षण करणे’ असा आहे. राखावयाची वस्तू झाकून ठेवावी लागते, ह्या व्यवहारातून ‘लपविणे’ हा अर्थ पुढे बळावला. मराठीत ‘गुपित’, ‘गुप्त’, ‘गुप्तहेर’ ह्या शब्दांत हा दुसरा अर्थच उरला आहे, आणि ‘गोपनीय’ म्हणजे लपवून ठेवण्याजोगे. शासनव्यवहारात हा शब्द दृढ झाला तोही ह्याच अर्थाने. कर्मचाऱ्याविषयीचा ‘गोपनीय अहवाल’ आणि मंत्र्याने घ्यावयाची ‘पद व गोपनीयतेची शपथ’ ही त्याची सर्वपरिचित उदाहरणे होत.

अडचण येथेच उद्भवते. राज्यसंस्थेने आपले कामकाज झाकून ठेवणे आणि नागरिकाने आपल्या जीवनात इतरांस मर्यादा घालणे, ह्या दोन भिन्न, किंबहुना कित्येकदा परस्परविरोधी गोष्टी आहेत. इंग्रजीत त्यांना दोन स्वतंत्र शब्द आहेत. मराठीत मात्र सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात जो हक्क एकमताने मूलभूत ठरविला, त्यास कोणी ‘गोपनीयतेचा अधिकार’ म्हणतो, तर कोणी ‘खासगीपणाचा हक्क’. पहिल्या पर्यायात मंत्र्याची शपथ व नागरिकाचा हक्क एकाच नावाने वावरतात. शिवाय ज्याच्यापाशी लपविण्यासारखे काही नाही त्यास ह्या हक्काची गरज नाही, हा लोकप्रिय युक्तिवाद त्या शब्दातच गृहीत धरला जातो. विद्यार्थी ह्या युक्तिवादास उत्तर देऊ पाहतो तेव्हा स्वतःचा शब्दच त्याच्या विरुद्ध साक्ष देतो.

हा केवळ शब्दच्छल नव्हे. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ ह्याच्या कलम ८(१)(ञ) अन्वये, व्यापक लोकहिताने समर्थन होत असल्यास वैयक्तिक माहितीही देता येत असे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ ह्याच्या कलम ४४(३) ने त्या पोटकलमातील ही शर्त वगळली आणि वैयक्तिक माहितीस सरसकट अपवाद केले. कलम ८(२) मधील लोकहिताची सर्वसाधारण तरतूद कायम आहे, हे खरे. परंतु नागरिकाचे संरक्षण म्हणून आणलेला नियम अधिकाऱ्याचे आवरण होऊ शकतो, ह्या आक्षेपाचे गांभीर्य त्यामुळे नाहीसे होत नाही. दोन्ही कल्पनांस ‘गोपनीयता’ म्हणणाऱ्या भाषेत हा आक्षेप नीट मांडणेही दुष्कर होते.

३

‘खासगी’ ह्या शब्दाचा इतिहास याहून उद्बोधक आहे. अरबी ‘खास’ म्हणजे विशेष. ‘आम’ त्याच्या उलट. दिवाण-इ-आम व दिवाण-इ-खास ह्या नावांतून हीच जोडी दिसते. मराठी राज्यव्यवहारात ‘खासगी’ म्हणजे राज्यकर्त्याच्या घराण्याची स्वतःची मिळकत व तिचा हिशेब. राज्याच्या दौलतीहून ती वेगळी. होळकरांच्या खासगीचे उदाहरण अहिल्याबाईंच्या दानधर्मामुळे सर्वश्रुत आहे. ‘खासगीवाले’ हे आडनाव त्याच व्यवस्थेची खूण होय. म्हणजे ज्या शब्दाने एके काळी केवळ धन्याची मालमत्ता दाखविली जाई, तो आज कोणाही सामान्य माणसाच्या जीवनक्षेत्रास लावता येतो. लोकशाहीने शब्दाचा अर्थ रुंदावल्याचे याहून चांगले उदाहरण क्वचितच सापडेल.

परंतु ह्या शब्दासही मर्यादा आहे. त्याने मालकी सुचविली जाते. माहिती माझी, म्हणून ती देण्याघेण्याचा अधिकार माझा, एवढ्यावर विचार थांबतो. प्रत्यक्षात बहुतेक माहिती एकट्याची नसते. २०१८ मध्ये उघडकीस आलेल्या केंब्रिज अ‍ॅनालिटिका प्रकरणात फेसबुकने दिलेले आकडे ह्या दृष्टीने पाहण्यासारखे आहेत. भारतात संबंधित प्रश्नावलीचे अ‍ॅप ३३५ जणांनी घेतले; त्यामुळे ५,६२,४५५ जणांची माहिती बाहेर गेली असण्याचा संभव कंपनीने मान्य केला. ३३५ जणांनी जी संमती दिली ती स्वतःपुरती आहे असे त्यांना वाटले असणार; पण ती त्यांच्या मित्रांच्या वतीनेही वापरली गेली. ‘सम्’ आणि ‘मति’ मिळून होणाऱ्या ‘संमती’ शब्दात दोन मनांचे एकत्र येणे अभिप्रेत आहे. येथे मने एकत्र आली नव्हती. केवळ एक बटण दाबले गेले होते. २०२३ च्या अधिनियमाच्या कलम ६ ने संमती मुक्त, विशिष्ट, माहितीपूर्ण, विनाशर्त व निःसंदिग्ध असावी आणि ती स्पष्ट कृतीने दिलेली असावी, असे म्हटले आहे. तसेच संमतीची मागणी इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत पाहण्याचा पर्याय देणे बंधनकारक केले आहे. मौनास संमती मानणाऱ्या समजुतीचा हा कायदेशीर निरास होय. मराठीत मागणी आली म्हणून ती मराठी माणसास कळेलच असे मात्र नाही. ‘डेटा प्रिन्सिपल’ व ‘डेटा फिड्यूशिअरी’ ह्या संज्ञांऐवजी ‘माहिती ज्याची तो’ व ‘माहितीचा विश्वस्त’ असे म्हटले, तर वाचणाऱ्यास निदान एवढे उमगेल की विश्वस्ताकडे जाब मागता येतो.

४

मग मराठीत ह्या कल्पनेस आधार नाही काय? भारतीय समाजात अशी कल्पनाच नव्हती, असे काही विचारवंत मानतात. पुट्टस्वामी खटल्याच्या ओघात २०१५ मध्ये केंद्र शासनाच्या वतीनेही, १९५४ च्या एम. पी. शर्मा आणि १९६२ च्या खरक सिंग निर्णयांच्या आधारे, असा मूलभूत हक्क नाही असे प्रतिपादन झाले होते. वस्तुतः खरक सिंग खटल्यातच पोलिसांनी रात्री घरी जाऊन झडती घेण्याचा नियम रद्द झाला होता आणि न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी आपल्या भिन्नमत निर्णयात हा हक्क व्यक्तिस्वातंत्र्याचा आवश्यक घटक मानला होता. एका शब्दाचा अभाव हा कल्पनेचा अभाव नव्हे. कल्पना शोधावयाची असल्यास नामांपेक्षा वाक्प्रचार व व्याकरण अधिक विश्वसनीय साक्षीदार ठरतात.

‘गोष्ट षट्कर्णी होणे’ हा प्रयोग पाहावा. दोघांचे मिळून चार कान. तिसऱ्याने ऐकले की सहा. येथे गोष्ट लाजिरवाणी आहे की नाही, हा प्रश्नच नाही. ती दोघांतील होती आणि तिसऱ्याकडे गेली, एवढेच मोडलेल्या मर्यादेचे लक्षण. ‘चव्हाट्यावर आणणे’ व ‘वेशीवर टांगणे’ ह्यांत तर स्थलांतराची कल्पना उघड आहे: घरात जे योग्य ते चव्हाट्यावर अयोग्य. हेलन निसेनबॉम यांनी २००४ मध्ये मांडलेला आणि २०१० च्या ग्रंथात विस्तारलेला सिद्धांत हाच आहे, की माहिती ज्या संदर्भात दिली गेली त्या संदर्भाच्या रूढ मर्यादेत तिचा प्रवाह राहिला पाहिजे. ‘आपण’ आणि ‘आम्ही’ हा मराठीचा सर्वनामभेदही ह्याच जाणिवेचा व्याकरणिक आविष्कार मानता येईल. ‘ही आपल्यातली गोष्ट’ म्हणताना बोलणारा ऐकणाऱ्यास वर्तुळात घेतो आणि त्याच क्षणी त्याच्यावर जबाबदारीही टाकतो.

व्हॉट्सअ‍ॅपने २०१६ मध्ये सर्व संदेश आरंभापासून अखेरपर्यंत कूटबद्ध केले, त्याने वाटेतला पाचवा व सहावा कान बंद झाला. परंतु ज्याच्या हाती संदेश पोचला तो तो पुढे धाडू शकतोच. ही मर्यादा यंत्राची नसून ‘आपल्यातली’ ह्या शब्दाची आहे, आणि ती शिकवावी लागते.

५

आता दुसरे संकट. मराठीने ऐकीव वार्तेसाठी एक स्वतंत्र अव्यय राखले आहे: ‘म्हणे’. ‘पूल पडला’ ह्या विधानाची जबाबदारी वक्त्याची. ‘पूल पडला म्हणे’ ह्यात ती अज्ञात सांगणाऱ्याकडे जाते. ‘पडला असावा’ हे अनुमान. पाहिलेले, ऐकलेले व तर्काने जाणलेले यांतील भेद निरक्षर माणूसही रोज अचूक करतो. ह्या अर्थाने माध्यमसाक्षरता हा मराठी भाषिकास सर्वस्वी नवा विषय नाही.

पुढे धाडलेल्या संदेशात मात्र हा ‘म्हणे’ गळतो. संदेश मूळ लेखकाच्या निश्चयात्मक स्वरात, पण परिचिताच्या नावाने येतो. मावशीचा विश्वास अनोळखी माणसाच्या वाक्यास मिळतो. त्याची किंमत काय पडते हे धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे १ जुलै २०१८ रोजी दिसले. मुले पळविणारी टोळी आल्याच्या अफवेने भिक्षेकरिता आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना जमावाने ठार केले. त्या वर्षी देशभर फिरलेल्या एका चित्रफितीचा उगम कराचीतील बालसुरक्षाविषयक जाहिरातीत होता. मूल परत आणून सोडल्याचा तिचा शेवट कापून टाकला होता. म्हणजे येथेही अपराध संदर्भ छाटण्याचाच. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने पुढे पाठविलेल्या संदेशावर तशी खूण आणली आणि भारतात एका वेळी पाचच ठिकाणी पाठविण्याची मर्यादा घातली. जानेवारी २०१९ मध्ये ती जगभर लागू झाली. ही खूण म्हणजे यंत्राने पुन्हा जोडलेला ‘म्हणे’ होय.

येथे एक आक्षेप संभवतो. ‘म्हणे’ म्हणून अफवा थांबत नाही; उलट तिला पळवाट मिळते. ‘आले तसे पाठविले’ ही संदेशाखालील टीप नेमके हेच करते. आक्षेप रास्त आहे. ‘म्हणे’ने उगम परका असल्याचे कळते, पण तो कोणता हे कळत नाही. म्हणून साक्षरतेची खरी पायरी ‘म्हणे’ ऐकल्यावर ‘कोण म्हणतो?’ असे विचारण्यात आहे. राईनपाड्यात तो प्रश्न विचारला गेला नाही.

६

सारांश, ‘कोणाकडून आले?’ आणि ‘कोणाकरिता होते?’ हे दोन प्रश्न एकाच उक्तीची दोन टोके आहेत. पहिला सुटला की अफवा जन्मते, दुसरा सुटला की खासगीपणाचा भंग होतो. नागरिकाच्या हक्कास ‘खासगीपणा’ म्हणावे, ‘गोपनीयता’ हा शब्द राज्याच्या व दप्तराच्या व्यवहारापुरता ठेवावा, एवढा विवेक अध्यापनात व परीक्षणात पाळला गेला तरी निबंधातील पुष्कळसा गोंधळ दूर होईल. पुढे धाडलेल्या मराठी संदेशांत ऐकीवतेच्या खुणा कोणत्या टिकतात व कोणत्या गळतात, ह्याचा पद्धतशीर अभ्यास हा भाषाविज्ञानाच्या विद्यार्थ्यापुढील उचित विषय आहे. मात्र असे संदेश नमुन्यादाखल गोळा करताना, ते मुळात कोणाकरिता लिहिले होते आणि त्यांची संमती आहे काय, हा प्रश्न त्या अभ्यासकाने प्रथम स्वतःस विचारला पाहिजे.