तबकडीच्या नावाचे रसग्रहण

मराठीत कादंबऱ्यांचे परीक्षण होते, नाटकांचे होते, दिवाळी अंकांच्या मुखपृष्ठांचेसुद्धा होते. पण संगणकात ऑपरेटिंग सिस्टिम चढवायच्या ज्या तबकड्या, त्यांच्या पोटात लिहिलेल्या नावाकडे एकाही समीक्षकाने ढुंकून पाहिलेले नाही. तबकडी यंत्रात सरकवली की पडद्यावर तिच्या चित्राशेजारी हे नाव उमटते. त्याला 'व्हॉल्यूम लेबल' म्हणतात. आवाज लहानमोठा करण्याशी त्याचा काही संबंध नाही.

२००१ सालच्या विंडोज एक्सपीचेच घ्या. डब्ल्यू-एक्स-पी-एफ-पी-पी, मग खाली आडवी रेघ, मग ई-एन. पहिली तीन अक्षरे कुणालाही कळतील. 'एफपीपी' म्हणजे दुकानात मिळणारा सीलबंद खोका आणि 'ईएन' म्हणजे इंग्रजी. मधे 'ओईएम' असेल तर तबकडी यंत्राबरोबर आलेली, 'व्हीओएल' असेल तर कचेऱ्यांना घाऊक परवान्यावर दिलेली. ही मधली तीन अक्षरे म्हणजे त्या काव्याचा प्राण. एका जातीच्या तबकडीला दुसऱ्या जातीचा पंचवीस अक्षरी किल्ली-क्रमांक दिला, तर ती जावयासारखी अडून बसे.

आमच्या सोसायटीच्या कचेरीतले जुने यंत्र असेच बसले. वर्गणीचा दहा वर्षांचा हिशेब उघडणारा प्रोग्रॅम त्याच्यावरच चालायचा. ड्रॉवरमध्ये तीन तबकड्या, तिन्ही कोऱ्या पांढऱ्या. दुरुस्तीवाला म्हणाला, "क्रमांकच खोटा आहे, नवीन यंत्र घ्या." चिटणीसांनी चेकबुकही काढले. तेवढ्यात माझ्या भाच्याने तिन्ही तबकड्या आळीपाळीने सरकवून नावे वाचली. "मामा, यंत्रावरचं स्टिकर ओईएमचं आहे आणि तुम्ही घाऊक तबकडी लावताय." चेकबुक परत कपाटात गेले.

म्हणजे माहिती होती, आणि नेमक्या जागी होती. माझा आक्षेप एवढाच की ती गिऱ्हाइकासाठी लिहिलेली नव्हती. कारखान्याने आपल्या गोदामासाठी लिहिली होती. २००९ च्या विंडोज सातचे नाव 'जी'ने सुरू होते, आठचे 'एच'ने, ८.१ चे 'आय'ने, दहाचे 'जे'ने. बाराखडी सरळ चालली आहे, पण ती कळायला चारही तबकड्या शेजारी मांडाव्या लागतात. आमची ही डब्यांवर काहीच लिहीत नाही, बोर्नव्हिटाच्या डब्यातून बरोबर हळद काढते. पण ते डबे ती विकत नाही.

सर्वांत फसवे अक्षर 'एफआरई'. मध्यमवर्गीय माणूस 'फ्री' वाचून हरखतो. फुकटपणाशी त्याचा संबंध नाही. प्रोग्रॅमरांना चुका शोधायला 'चेक्ड' नावाची तपासणी-आवृत्ती मिळे, आणि ज्यात ते तपासणीचे लटांबर नाही ती 'फ्री'. विंडोज दहाच्या १८०३ या आवृत्तीपासून चेक्ड बंद झाली, तरी विंडोज अकराच्या नावातही 'एफआरई' आहे! थोरला वारला तरी धाकट्याला गाव 'धाकटे' म्हणते, तसे. त्याच नावाच्या शेवटी 'डीव्ही९', म्हणजे दोन थरांची साडेआठ जीबीची डीव्हीडी. लोक ती पेनड्राइव्हवर घेतात.

लिनक्सवाल्यांचे सुबोध असते म्हणतात. २०१४ च्या सेंटओएस सातच्या तबकडीचे नाव खरोखर सुबोध, पंधरा अक्षरी. पण ते माणसाबरोबर यंत्रही वाचते, आणि सुरू होताना त्याच नावाचा माल शोधते. फॅट पद्धतीच्या पेनड्राइव्हवर नावाला जागा अकरा अक्षरांची. आमच्या आयएफएससी कोडाचीही अक्षरे अकराच. त्यातले पाचवे शून्य पुढच्या सोयीसाठी राखलेले, म्हणून काही कापायची वेळ येत नाही. इथे शेवटची चार उडाली, उरले 'सेंटओएस ७ एक्स८', आणि यंत्र नावाच्या माणसाला शोधत काळ्या पडद्यावर थांबले. आडनाव अर्धे लिहिले म्हणून चेक परत करणाऱ्या काउंटरवर मी उभा असतो. यंत्राची बाजू मला पटते.

उबुंटूने तर आकडाही अर्थपूर्ण ठेवला. २२.०४ म्हणजे २०२२ चा एप्रिल. पुढे मात्र 'एएमडी६४'. हे पाहून इंटेलचे यंत्र असलेला सज्जन गृहस्थ तबकडी परत करायला निघतो. चौसष्ट बिटांची ही पद्धत एएमडीने काढली, मग इंटेलनेही उचलली, आणि नाव माहेरचेच राहिले. चालते दोन्हीकडे.