दिविझी : लिखित विभाजन आणि श्रुत एकत्व

पाश्चात्त्य वाद्यवृंदाच्या स्वरलेखनातील ‘दिविझी’ या इटालियन शब्दाकडे वादकांसाठीची एक व्यावहारिक सूचना म्हणूनच बहुधा पाहिले जाते. तिचे व्यावहारिक प्रयोजन निर्विवाद आहे. व्हायोलिनवादकाला दोन तारांवर दोन स्वर एकाच वेळी वाजविता येतात. त्यामुळे एकावर एक लिहिलेले दोन स्वर प्रत्येकाने दोन्ही वाजवायचे, की गटाने ते आपसांत वाटून घ्यायचे, याविषयी संदेह राहू शकतो. ‘दिविझी’ हा शब्द तो मिटवितो. मात्र वाटणीबरोबर प्रत्येक स्वराचे बळ घटते. १६ व्हायोलिनांचे चार भाग केले, तर एकेका स्वराला चारच वादक उरतात. भाग वाढले की संगीत ‘समृद्ध’ झाले, असे जे सहज म्हटले जाते, त्यात ही वजाबाकी विसरली जाते.

वाग्नरने या वजाबाकीलाच सौंदर्यमूल्य दिले. ‘लोहेनग्रिन’ या ऑपेराच्या (वायमार, १८५०) प्रेल्यूडच्या आरंभी चार एकल व्हायोलिने वेगळी काढलेली असून उरलेल्या सर्व व्हायोलिनांचे चार भाग केलेले आहेत. पहिली व दुसरी व्हायोलिने हा रूढ भेद तेथे गळून पडतो. तारसप्तकातील त्या नादाचा प्रभाव त्याच्या विरळपणावर उभा आहे.

दुसरे टोक लिगेतीच्या ‘अ‍ॅटमॉस्फेअर्स’मध्ये (१९६१) दिसते. तेथे ५६ तंतुवादकांना स्वतंत्र ओळी दिलेल्या आहेत. कागदावर प्रत्येक वादक व्यक्ती झाला आहे. कानाला मात्र कोणतीही ओळ वेगळी काढता येत नाही, एक सलग नादपुंज तेवढा जाणवतो. म्हणूनच स्वरपत्रातील ओळी मोजून रचनेतील स्वरबहुलतेचे माप ठरविणे फसवे आहे. (मराठी संगीतचर्चेत या संकल्पनेला रुळलेला प्रतिशब्द नाही, यातही नवल नाही, भातखंडे यांच्या स्वरलिपीत बंदिशीची एकच स्वररेषा लिहिली जाते, तेथे वाटणीचा प्रश्नच उद्भवत नाही.)

लेखन आणि श्रवण यांतील हे अंतर सर्वांत तीव्रतेने जाणवते ते चायकोव्स्कीच्या सहाव्या सिम्फनीच्या (१८९३) अंतिम खंडात. येथे ‘दिविझी’ची सूचना नाही, पण विभाजन अधिक मूलगामी आहे. आरंभीची उतरती धून पहिल्या आणि दुसऱ्या व्हायोलिनांत एकाआड एक स्वर अशी वाटलेली आहे. कोणत्याही एका गटाची प्रत वाचली तर हाती लागते ती उड्या घेणारी, तुटक ओळ. जी धून श्रोता निःशंकपणे ऐकतो, ती कोणीच वाजवीत नसते. याला लेखनातील विक्षिप्तपणा म्हणून बाजूला सारता येत नाही. कारण खंडात पुढे तीच धून परतते, तेव्हा ती पहिल्या व्हायोलिनांना अखंड दिलेली आहे. दोन्ही मार्ग रचनाकारासमोर होते आणि त्याने दोन्ही योजले. त्या काळी हे दोन गट रंगमंचाच्या परस्परविरुद्ध बाजूंना बसविण्याची पद्धत प्रचलित होती, त्यामुळे आरंभीची धून दोन दिशांनी येणाऱ्या स्वरांतून जुळत असे. आज अनेक वाद्यवृंदांत दोन्ही गट शेजारीशेजारी बसतात. अशा वादनात ही वाटणी जवळजवळ स्वरपत्रापुरतीच उरते.