पडलेला चिमटा

यंदा उन्हाळ्यात उमरग्यात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवणाऱ्या एक तरुण प्राध्यापिका घरी आल्या आणि म्हणाल्या, "सर, मुलांची जर्नलं बंद करून प्रयोगांच्या नोंदी संगणकावर घ्याव्या म्हणते. तुम्ही एकदा वाचून सांगा." त्यांनी दाखवलं ते 'अ‍ॅक्वेरियम'. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन विद्यापीठात, एरिक क्लाव्हिन्स यांच्या प्रयोगशाळेत घडलेली ही प्रणाली मुक्तस्रोत आहे; तिचा मजकूर कोणालाही उघडून वाचता येतो. मी तो पुस्तक वाचावं तसा वाचला. प्रयोगाची कृती हाही एक लेखनप्रकारच आहे, त्याची समीक्षा करायला हरकत नसावी.

या लेखनाचं व्याकरण सारं आज्ञार्थी. कृती संगणकाच्या भाषेत एकदा लिहायची. मग ती पडद्यावर एकेक पायरी होऊन समोर येते. ही नळी काढा, इतके मायक्रोलिटर घाला, झालं की पुढे चला. कोणता नमुना, कोणी हाताळला, किती वाजता, याची नोंद प्रणालीच ठेवते. कमलाबाई ओगल्यांच्या 'रुचिरा'ने 1970 साली अंदाजाची जागा वाटी-चमच्याला दिली आणि सासूच्या शेजारी उभं न राहताही स्वयंपाक शिकता येऊ लागला. अ‍ॅक्वेरियमची थोरवी त्याच जातीची आहे. जिथे एक अनुभवी माणूस बदलून गेला की त्याच्याबरोबर अर्धी प्रयोगशाळा निघून जाते, तिथे हे लहान काम नव्हे. (एप्रिलमध्ये आमच्याकडे खोलीच 37 अंशांच्या वर असते, तेव्हा 'इन्क्युबेटरमध्ये ठेवा' या पायरीचं काय करायचं, हे मात्र पडदा सांगत नाही.)

वाचता वाचता मला परळ आठवलं. वाल्देमार हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस तयार केली आणि 10 जानेवारी 1897 रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. पुढे 1899 पासून त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसात चालू लागली. तिथली लस पंजाबातल्या मुलकोवाल गावी 30 ऑक्टोबर 1902 रोजी 107 जणांना टोचली गेली. त्यांपैकी 53-एन या एकाच बाटलीतली लस मिळालेले 19 जण धनुर्वाताने गेले.

इथे नोंदीचं पहिलं काम दिसतं. बाटलीला क्रमांक होता म्हणूनच मृत्यू एका बाटलीपर्यंत नेऊन भिडवता आले. पण पुढे काय झालं? मागणी वाढल्यावर हाफकिन यांनी लसीत कार्बॉलिक आम्ल घालण्याची ठरलेली पायरी सोडून उष्णतेवर भिस्त ठेवली होती. चौकशी आयोगाची नजर त्या गळलेल्या पायरीवर खिळली आणि दोष परळच्या माथी आला. 1904 मध्ये हाफकिन भारत सोडून गेले. साक्षींमध्ये मात्र आणखी एक तपशील होता. मुलकोवालला बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता, आणि तो पुरेसा निर्जंतुक न करताच बुचाला लावला गेला होता. बाटली उघडणाऱ्या डॉक्टरला लसीला कसलाही वास आला नव्हता. धनुर्वाताचे जंतू परळपासून आत वाढत असते तर तो आला असता. रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञांनी 1907 साली लंडनच्या 'टाइम्स'मधून हे लावून धरलं, तेव्हा कुठे हाफकिन यांच्यावरचा डाग पुसला गेला.

गळलेली पायरी कोणालाही दिसते, कारण ती असायला हवी होती हे कागदावर असतं. 'चिमटा पडला' ही पायरी मात्र कोणत्याही कृतीत नसते. अशा प्रणालींत टिप्पणी जोडण्याची सोय असते, हे खरं. पण पायरी पुरी केल्याशिवाय पुढे जाता येत नाही आणि टिप्पणीशिवाय मात्र खुशाल जाता येतं. लेखनप्रकाराने कशाला मान दिला आहे, ते यावरून कळतं. शिवाय 'झालं' हे बटण दाबणारा बहुधा सर्वांत कमी पगाराचा माणूस असतो. मुलकोवालच्या त्या मदतनिसाच्या हाती पडदा असता, तर त्याने त्यावर काय लिहिलं असतं?

याचा दोष संगणकाला देणं मला जमत नाही, कारण आमचं जर्नल याहून निराळं नव्हतं. उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, निष्कर्ष. गेल्या वर्षीच्या मुलाचं यंदाच्या मुलाने उतरवलेलं, अगर घट्ट झालेलं असो वा नसो. मी तीसएक वर्षं त्यावर 'तपासले' म्हणून सही केली. अ‍ॅक्वेरियममध्ये निदान वेळ तरी खरी नोंदली जाते. बाईंना मी तेवढ्यासाठी होकार कळवला आणि एक सुचवलं: प्रत्येक कृतीच्या शेवटी 'आज ठरल्याप्रमाणे काय झालं नाही?' ही एक पायरी घाला, आणि तिथे काही लिहिल्याशिवाय पुढचा पडदा उघडू देऊ नका.

त्या निघाल्यावर कपाटातली काही जुनी जर्नलं काढून पाहिली. एकात निरीक्षणाच्या तक्त्याशेजारी समासात पेन्सिलीने लिहिलं होतं: 'लाइट गेली, दोन तास, प्लेटा बाहेरच होत्या.' त्याभोवती लाल शाईचं वर्तुळ होतं आणि खाली माझ्या अक्षरात शेरा: पान स्वच्छ करून पुन्हा लिहा.