बोट हललं

मी दहावीपर्यंत शिकलेला माणूस. मालिकांवर बोलायचा तुला काय अधिकार, असं कुणी म्हणेल. पण एक मालिका मी सहा-सात महिने रोज दुपारी, एकही दिवस न चुकवता पाहिली आहे. एवढा वेळ एखाद्या रानात काढला असता तर कुठल्या सरीत पाणी मुरतंय हे मला कळलंच असतं. तेवढ्या अधिकारानं बोलतो.

२०१५ च्या उन्हाळ्यात आई न्हाणीत घसरली. खुब्याचं हाड मोडलं. वय ऐंशीच्या पुढं, त्यात साखर. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन झेपायचं नाही. आई खाटेला लागली ती लागलीच. ते वर्ष दुष्काळाचं. विहीर तासाभरात तळ दाखवायची. मोटरीची लाईट रात्रीची असली की रात्री तेवढं पाणी धरायचं आणि दुपारी घरी पडायचं. बायको आणि सून दुसऱ्याच्या रानात खुरपायला जायच्या. मग आईजवळ मी आणि टीव्ही.

रात्री झालेला भाग हे लोक दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा दाखवतात. आई तो बघायची. मालिकेचं नाव सांगत नाही. नाव बदललं तरी गोष्ट तीच असते. एका श्रीमंत बाईचं पोर दवाखान्यात बदललेलं. खरा मुलगा तिच्याच बंगल्यावर ड्रायव्हर. ही अदलाबदल ठाऊक असणारी जगात एकच बाई, त्या वेळची नर्स. आणि ती बेशुद्ध! आठ-पंधरा दिवसांनी तिचं एक बोट हलायचं. बोट हललं की वाजंत्री, बोट हललं की सगळ्यांची तोंडं, आणि खाली 'पुढील भागात'. दुसऱ्या दिवशी बोट परत गपगार.

एकदा मी घड्याळ लावून बघितलं. अर्ध्या तासातले आठ-नऊ मिनिटं जाहिराती. दोन-तीन मिनिटं कालचंच परत. उरलेल्या वेळात धाकटी जाऊ एवढंच म्हणाली, "तो या घरात राहणार नाही." मग सात माणसांची तोंडं, एकेक तीन-तीनदा, मागं वीज कडाडल्यासारखा आवाज. मी उठलो, आईला पेज पाजली, तोंड पुसलं, भांडं विसळून आलो. थोरल्या बाईच्या हातातला चहाचा कप अजून हातातच होता.

हे असं का, याचा मी पुष्कळ विचार केला. आमच्याकडं काम दोन तऱ्हेनं देतात. एक उक्तं, एक रोजावर. उक्ती बांधबंदिस्ती घेतलेला गडी झुंजूमुंजूला येतो आणि चार दिवसाचं काम दोन दिवसात उरकतो. रोजावरचा गडी मात्र दर घटकेला तंबाखू मळतो. मालिका ही रोजावरची आहे. भाग पडला तर जाहिरात, जाहिरात पडली तर पैसा. दर आठवड्याला टीआरपीचा आकडा येतो. आकडा चढला की चालू भानगड अजून ताणायची, पडला की नवी भानगड आणायची. गोष्ट संपली की सगळ्यांचा रोज बुडतो. मग संपवेल कोण?

आता काही शिकलेली मंडळी म्हणतात, मालिका भडक असतात. मला ते पटत नाही. भडकपणाचं आम्हाला वावडं नाही. 'गाढवाचं लग्न' घ्या. शापानं गाढव झालेला गंधर्व राजाची मुलगी मागतो आणि सावळ्या कुंभाराची त्यात पळापळ होते. याच्यापेक्षा अतिरेक तो काय असायचा? दादू इंदुरीकरांनी तो वग गावोगाव गाजवला आणि लोक पोट धरून हसले. सोंगाड्याही ताणायचा. एका शब्दावर पाव तास काढायचा. पण गण, गौळण, बतावणी करत वग एकदा लागला की तो पहाटेपर्यंत संपवावाच लागायचा. तंबू उठायचा असायचा, आम्हाला धारा काढायच्या असायच्या. कीर्तनकाराचं तसंच. आख्यान कितीही लांबवा, शेवटी आरती आहेच.

मालिकांनाही आधी थोडा धरबंध होता. दूरदर्शनवर १९९४ साली दुपारची 'शांति' लागायची, पुढं सह्याद्रीवर 'दामिनी' आली. आमच्या गल्लीत दोन टीव्ही, बायका धुणं आटपून जमायच्या. त्यातही ताणाताणी होतीच, पण शांति काय किंवा दामिनी काय, बाई काही एक करायला घराबाहेर पडलेली असायची. मग 'चार दिवस सासूचे' आली २००१ ला. चार दिवस म्हणता म्हणता २०१३ उजाडलं, भाग तीन हजारांच्या वर गेले. रोहिणी हट्टंगडींचं काम मला आवडायचं, खोटं कशाला बोलू. पण एवढ्या वेळात आमच्या घरात दोन सासवा वारल्या आणि एक सून सासू झाली. हिंदीत 'क्योंकि सास भी कभी बहू थी'मधला मिहीर मेला तर लोकांनी एवढी ओरड केली की त्याला परत आणला. गोष्ट वीस वर्षं पुढं उडी मारून गेली, तरी बा तिथंच. मरण परत फिरवता येतं हे एकदा बघणाऱ्याला कळलं की पुढच्या कुठल्याच मरणाला तो रडत नाही.

'होणार सून मी ह्या घरची'मधल्या जान्हवीचं तर तुम्हाला ठाऊकच आहे. तिचे दिवस भरता भरेनात, गावोगाव त्याचे विनोद झाले. आमच्या म्हशीनं साधारण त्याच सुमारास गाभ धरला होता. दहा महिन्यांनी ती वेळेवर व्याली, खरवस सगळ्या गल्लीनं खाल्ला. शेजारचा पोरगा म्हणाला, "काका, जान्हवीला आपल्या गोठ्यात आणा."

हसण्यावारी नेलं तर सगळं जातं. आईनं नेलं नाही.

पडून पडून आईच्या पाठीला जखमा झाल्या. तालुक्याहून पाण्याची गादी आणली. दर दोन तासांनी कूस बदलायची, पावडर लावायची. एका दुपारी त्या नर्सचं बोट हललं. आई बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "एवढं दीस निजलीया ही. हिच्या पाठीला फोड न्हाई आलं व्हय रं?"

मी बघितलं. नर्सच्या केसांना तेल-फणी केलेली, ओठ रंगवलेले, चादरीला सुरकुती नाही. कूस बदलायला कुणी नाही आणि तशी गरजही नाही. आजवर मी म्हणत होतो की मालिकेत वेळ फार जातो. त्या दिवशी कळलं, तिथं वेळ जातच नाही. गेला असता तर पाठीवर दिसला असता.

तरी आईची ओढ सुटली नाही. सकाळी डोळे उघडले की, "उठली का रं ती नर्स?" श्रावणात तिला नीट दिसेना, मग मीच सांगायचो. गौरी-गणपती झाले. खाणं सुटलं. दुपारी मालिका लागली, ड्रायव्हर दवाखान्याच्या दारात उभा, आत नर्स, दारावर हात. आईनं विचारलं, "काय झालं?"

मी टीव्हीचा आवाज बंद केला. म्हटलं, "उठली. समदं सांगितलं तिनं. आईला कळलं, ह्योच माझा ल्योक. दोघं गळ्यात पडून रडाय लागल्यात."

चार वाक्यं लागली मला.

आई गप्प पडून राहिली. मग हळूच म्हणाली, "जेवाय घाटलं का त्येला?"

"घाटलं की. पुरणपोळी केली."

चौथ्या दिवशी पहाटे आई गेली. तेरावं झाल्यावर सुनेनं दुपारी सहज टीव्ही लावला. ड्रायव्हर आत आला होता. नर्सचं बोट हलत होतं.