फुकटचा वेग आणि मुरुमचा उन्हाळा

ग्राफिक्स कार्डाचा वेग कंपनीने ठरवून दिलेल्या आकड्यापलीकडे वाढवणे, म्हणजेच ‘ओव्हरक्लॉकिंग’, हा उद्योग आता मोठ्या शहरांतील हौशी मुलांपुरता राहिलेला नाही. जुना संगणक नव्या कामाला जुंपायचा असला की शाळकरी मुलेही हा उपाय सुचवतात. मग ‘करून पाहू का?’ हा प्रश्न विज्ञानशिक्षकाकडे येतो. या विषयावरचे जे मार्गदर्शन मुलांच्या हाती पडते, त्याचे परीक्षण करण्याचा येथे विचार आहे.

हे मार्गदर्शन बहुधा तीन विधानांवर उभे असते. एक, कंपनी कार्डाची खरी क्षमता दडवून ठेवते. दोन, ती मोकळी केली की वेग फुकटात मिळतो. तीन, कार्ड बंद पडले नाही आणि पडद्यावरचे चित्र बिघडले नाही म्हणजे प्रयोग यशस्वी झाला. तिन्हींत सत्याचा अंश आहे. पण धाराशिव जिल्ह्याच्या उमरगा तालुक्यातील मुरुमसारख्या गावी, जेथे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि शाळेच्या खोलीवर पत्रा असू शकतो, तेथे ही विधाने कितपत टिकतात, हे तपासले पाहिजे.

शिट्टी आणि कवायत

ग्राफिक्स कार्डात हजारो लहान लहान गणक असतात. सगळे एकाच वेळी एकच क्रिया वेगवेगळ्या आकड्यांवर करतात. मैदानावरच्या सामूहिक कवायतीसारखेच हे आहे. शिक्षकांची शिट्टी वाजली की प्रत्येक मुलाने एक हालचाल पूर्ण करायची आणि पुढच्या शिट्टीची वाट पाहायची. कार्डातील ही शिट्टी म्हणजे घड्याळाचा स्पंद. १००० मेगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला शंभर कोटी शिट्ट्या. शिट्टी जलद वाजवली तर कवायत लवकर संपते. मात्र सर्वांत मंद मुलाची हालचाल पूर्ण होण्याआधीच पुढची शिट्टी वाजली, तर रांग बिघडते. ओव्हरक्लॉकिंगचे सारे यशापयश या एका वाक्यात आहे.

हे कार्ड फक्त खेळांसाठी असते, हा समज मात्र सोडून द्यावा. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडद येथे असलेल्या महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बिणीत, म्हणजे जीएमआरटीत, ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. प्रत्येक तबकडीचा संदेश दुसऱ्या प्रत्येक तबकडीच्या संदेशाशी जुळवून पाहायचा, तर ३० गुणिले २९ भागिले २, म्हणजे ४३५ जोड्या होतात. दुर्बिणीच्या सुधारित रूपात हे गणित करणाऱ्या यंत्रणेत ग्राफिक्स कार्डांच्याच जातीचे गणक वापरलेले आहेत. पुण्याच्या सी-डॅकचा ‘परम सिद्धी-एआय’ हा महासंगणकही अशाच गणकांवर चालतो. नोव्हेंबर २०२० च्या जागतिक यादीत तो ६३ वा होता.

क्षमता दडवली जाते काय?

सिलिकॉनच्या एका चकतीवर शेकडो चिप एकाच वेळी तयार होतात, पण त्या एकसारख्या निपजत नाहीत. काही अधिक वेग सहन करतात, काही कमी. काहींचा एखादा भाग सदोष असतो. चाचणी घेऊन त्यांची प्रतवारी लावतात. सदोष भाग बंद करून तीच चिप कमी किमतीच्या कार्डात बसवतात. मागणी स्वस्त कार्डांना जास्त असेल, तर चांगल्या चिपचेही काही भाग बंद करून ती स्वस्तात विकली जाते.

एटीआय कंपनीचे २००२ सालचे ‘रेडिऑन ९५००’ हे याचे गाजलेले उदाहरण. त्यातील चिप महागड्या ९७०० या कार्डाचीच होती, फक्त तिच्या आठ चित्रवाहिन्यांपैकी चार बंद होत्या. हौशी लोकांनी त्या चालू करून दाखवल्या. कित्येकांना खरोखरच महागडे कार्ड स्वस्तात मिळाले. कित्येकांच्या पडद्यावर बुद्धिबळाच्या पटासारखे चौकोन उमटले, कारण त्यांच्या चिपचा तो भाग खरोखर सदोष होता. डिसेंबर २०१० मध्ये आलेल्या एएमडीच्या ‘रेडिऑन एचडी ६९५०’ मध्ये १४०८ गणक चालू होते. कार्डातील मूळ आज्ञावली बदलून अनेकांनी ते १५३६ केले, म्हणजे वरच्या दर्जाच्या ६९७० इतके.

तेव्हा पहिले विधान अर्धे खरे आहे. क्षमता कधी दडवलेली असते, कधी मुळातच नसते, आणि आपल्या हातातील कार्ड कोणत्या प्रकारचे हे आधी कळत नाही. शिवाय छापील आकडा ही एक हमी असते. चिप तापली, जुनी झाली, विद्युतपुरवठा किंचित घसरला, तरीही उत्तर बरोबर यावे यासाठी ठेवलेली राखीव जागा त्या आकड्यात असते. ती आपण वापरली, की हमीची जबाबदारी आपल्याकडे येते. त्यातून २०१२ पासून कार्डे तापमान आणि शक्ती पाहून स्वतःच वेग वाढवू लागली आहेत. पूर्वी हौशी माणसाच्या वाट्याला येणारा मलिदा आता बराचसा कारखान्यातच वाटला जातो.

फुकट म्हणजे किती?

दुसऱ्या विधानाची परीक्षा दहावीच्या गणितानेही होते. चिपमध्ये खर्च होणारी शक्ती ही धारिता, विभवांतराचा वर्ग आणि वारंवारता यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असते. (चिपमधून झिरपणारा विद्युतप्रवाह येथे सोयीसाठी सोडून देऊ.) वारंवारता १० टक्के वाढवली आणि ती पेलावी म्हणून विभवांतर ५ टक्के वाढवले, तर शक्ती १.१ गुणिले १.०५ चा वर्ग, म्हणजे सुमारे १.२१ पट होते. दहा टक्के वेगासाठी एकवीस टक्के वीज. स्मृतीचा वेग तोच राहिला, तर काम दहा टक्के वाढेल याचीही खात्री नाही.

ही सगळी वीज अखेर उष्णता होते. समजा, एक कार्ड १५० वॅट खाते आणि त्याचा पंखा व धातूचे पाते मिळून दर वॅटमागे चिप खोलीपेक्षा ०.३ अंशाने तापते. म्हणजे चिप खोलीपेक्षा ४५ अंशांनी गरम राहील. खोली २२ अंशांवर असेल तर चिप ६७ अंशांवर. वेग वाढवल्यावर शक्ती १८१ वॅटच्या पुढे जाईल आणि चिप सुमारे ७६ अंशांवर राहील. वातानुकूलित खोलीत बसून मार्गदर्शन करणाऱ्याला यात काहीच वावगे दिसणार नाही.

आता हेच कार्ड मे महिन्यात मुरुमला आणू. खोली ४२ अंशांवर. मूळ वेगावरच चिप ८७ अंशांवर, आणि वाढवलेल्या वेगावर ९६ च्या पुढे! पुष्कळ कार्डे ८५ ते ९५ अंशांच्या दरम्यान केव्हातरी स्वसंरक्षणासाठी वेग उतरवू लागतात. म्हणजे वेग वाढवलेले कार्ड वीज जास्त खाऊनही तेवढेच, किंबहुना कमी काम करण्याचा संभव आहे. पात्यांत धूळ बसली असेल तर ०.३ हा आकडाही वाढतो. खोलीचे तापमान न सांगता दिलेला ओव्हरक्लॉकिंगचा सल्ला म्हणजे प्रमाण न सांगता दिलेले औषध होय. आमचा या मार्गदर्शनावरचा मुख्य आक्षेप हाच आहे.

मूळ आज्ञावली बदलण्याच्या प्रयोगात आणखी एक स्थानिक अडचण आहे. ती लिहिली जात असतानाच वीज गेली, तर अर्धवट आज्ञावलीचे कार्ड संगणकाला ओळखताच येत नाही. ते सावरायचे कौशल्य गावात नसेल, तर उमरगा, सोलापूर किंवा लातूर गाठावे लागणार. ज्या शाळेत असे एकच कार्ड आहे, तिला हा धोका परवडणारा नाही.

चित्र ठीक, म्हणून उत्तर ठीक?

तिसरे विधान आम्हाला सर्वांत घातक वाटते. खेळातील एका चित्रात एखादा बिंदू चुकला, तर तो सेकंदाच्या साठाव्या भागापुरता दिसतो. कुणाच्या लक्षातही येत नाही. पण त्याच कार्डावर मुले एखादे वैज्ञानिक गणित करत असतील, तर चूक उत्तरात जाऊन बसते. कवायतीत एका मुलाचा हात चुकला तर प्रेक्षकांना चालते. पटसंख्या मोजताना एक मूल चुकलेले चालत नाही.

जीडीडीआर५ या स्मृतीत तर निराळीच गंमत आहे. ती वाहतुकीतील चूक ओळखते आणि माहिती पुन्हा पाठवायला लावते. त्यामुळे वेग मर्यादेपलीकडे नेला तरी चित्र स्वच्छच दिसते, फक्त फेरपाठवणीत वेळ जातो. मेगाहर्ट्झचा आकडा वर आणि काम खाली!

हमीला किती किंमत असते, हे कंपनीच्याच दोन कार्डांवरून कळते. एन्व्हिडियाचे ‘टेस्ला के४०’ आणि ‘जीटीएक्स ७८० टीआय’ ही दोन्ही २०१३ ची कार्डे एकाच जातीच्या चिपवर, प्रत्येकी २८८० गणकांची. गणितासाठीच्या टेस्लाचा मूळ वेग ७४५ मेगाहर्ट्झ, खेळासाठीच्या कार्डाचा ८७५. अहोरात्र बिनचूक चालायचे म्हणून गणिताच्या कार्डाला कमी वेग, शिवाय चुका दुरुस्त करणारी स्मृती.

एकाच गुणसंख्येवर विसंबणेही बरे नव्हे. मे २००३ मध्ये फ्यूचरमार्क कंपनीने आपली ‘थ्रीडीमार्क ०३’ ही चाचणी तपासली. एन्व्हिडियाची आज्ञावली ही चाचणी ओळखून वेगळे वागते, असे तिला आढळले. चाचणीत दुरुस्ती करताच ‘जीफोर्स एफएक्स ५९०० अल्ट्रा’चे गुण सुमारे २४ टक्क्यांनी उतरले. पुढे दोन्ही कंपन्यांनी एकत्र निवेदन काढून ‘फसवणूक’ हा शब्द बाजूला ठेवला. नाव काहीही द्या. परीक्षेपुरता अभ्यास शिक्षकांना ओळखीचाच आहे.

कंपन्याही दोषमुक्त नाहीत

याचा अर्थ कार्डाला हातच लावू नये, असा नाही. फेब्रुवारी २०१५ मध्ये एन्व्हिडियाने मांडीवरच्या संगणकांतील काही कार्डांचा वेग वाढवण्याची सोय काढून घेतली आणि ग्राहकांनी ओरड केल्यावर परत दिली. विकत घेतलेल्या वस्तूत बदल करण्याचा हक्क धन्याचा आहे, असे आम्हीही मानतो. पण त्या हक्काबरोबर माहितीही हवी. छापील वेग खोलीच्या कोणत्या तापमानापर्यंत टिकतो, हे कार्डाच्या खोक्यावर ठळक असायला हवे. उष्ण प्रदेशातील ग्राहकाला त्याची गरज सर्वांत जास्त.

जुने कार्ड घेणाऱ्या शाळांनी तर विशेष सावध राहावे. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियम या आभासी चलनाची व्यवस्था बदलली, ग्राफिक्स कार्डांवर ते ‘खणणे’ थांबले आणि वापरलेली कार्डे मोठ्या संख्येने बाजारात आली. त्यांतील अनेकांची मूळ आज्ञावली बदललेली होती. अशा कार्डाचा वेग वाढवण्याआधी ते मुळात कोणत्या वेगावर आहे, हे पाहणे अगत्याचे आहे.

वर्गात काय करता येईल?

ओव्हरक्लॉकिंगच्या साधनांचाच उपयोग उलट दिशेने करावा, अशी आमची सूचना आहे. वेग तोच ठेवून विभवांतर ८ टक्क्यांनी कमी केले, तर ०.९२ चा वर्ग ०.८५, म्हणजे शक्ती सुमारे १५ टक्क्यांनी उतरते. आपल्या उदाहरणातील चिप मे महिन्यात ८७ ऐवजी ८० अंशांवर राहील. मूळ आज्ञावलीला धक्का लागत नाही. संगणक पुन्हा सुरू केला की सहसा सारे पूर्ववत होते. एका वेळी एकच राशी थोडी बदलावी. प्रत्येक वेळी खोलीचे तापमान, चिपचे तापमान, वीज, ठरावीक गणिताला लागलेला वेळ आणि उत्तर पहिल्याइतकेच आले की नाही, अशा पाच नोंदी ठेवाव्यात. पाचवी नोंद कधीही गाळू नये. उत्तर बदलले की एक पायरी मागे यावे.

हाच तक्ता जानेवारीत एकदा आणि मे महिन्याच्या सुट्टीत एकदा भरावा. ‘माझे कार्ड इतक्या मेगाहर्ट्झवर चालते’ असे सांगणाऱ्या मुलाला मग पहिला प्रश्न वर्गातूनच येईल : खोलीत किती अंश होते?