ताजमहाल हॉटेलाची जन्मकथा : एक छाननी

मुंबईंतील ताजमहाल हॉटेलाविषयीं एक आख्यायिका सर्वतोमुखीं आहे. जमशेटजी टाटा यांस केवळ हिंदी म्हणून गोऱ्यांच्या एका स्थळीं प्रवेश नाकारला गेला व त्या अपमानाचें उत्तर म्हणून त्यांनीं हें हॉटेल उभारलें, असें सांगतात. शाळेंत मुलांस ही कथा आम्हींही वर्षानुवर्षें सांगितली. म्हणून ही छाननी प्रथम आमचीच आहे.

प्रथम पाठभेद पाहूं. कोणी तें स्थळ वॉटसनचें हॉटेल म्हणतात, कोणी अपोलो बंदरावरील रॉयल बॉम्बे यॉट क्लब. हा केवळ नांवाचा फरक नव्हे. हॉटेल पैसे देणाऱ्या उतारूसाठीं असतें; क्लब निवडलेल्या सभासदांसाठीं. तेव्हां एकाचा नकार हा व्यवहारांतील उद्धटपणा, तर दुसऱ्याचा हा नियमाचाच अंमल. शिवाय मूळ वक्ता कोण, हें दोन्ही पाठ सांगत नाहींत. अशा प्रवादास नैयायिक ऐतिह्य म्हणतात; वडावर यक्ष राहतो, हें त्याचें प्रसिद्ध उदाहरण. आप्तवाक्याचा आधार मिळेपर्यंत त्यास प्रमाणत्व नाहीं.

उलट पक्षीं, इतिहासलेखक चार्ल्स ॲलन यांनीं या कथेविषयीं शंका घेतली असून, मुंबईस साजेसें हॉटेल व्हावें हा टाइम्स ऑफ इंडियाच्या संपादकाचा आग्रह कारणीभूत झाला, असें म्हटलें आहे. हॉटेल १६ डिसेंबर १९०३ रोजीं उघडलें. तथापि ॲलन यांचें मतही शतकानंतरचें आहे. आणि एक हेतु सिद्ध झाल्यानें दुसरा बाधित होत नाहीं.

मग कथा टाकून द्यावी काय? बहिष्कार तर खोटा नव्हता. १८४६ सालीं स्थापन झालेल्या यॉट क्लबाचें दार हिंदी लोकांस बंद होतें. १९१७ सालीं गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांनीं गोरे व हिंदी या दोघांसही खुला असा क्लब काढला. त्याच्या जन्मासही अशीच अपमानकथा जोडतात. पाहुणा मात्र बदलतो. लोकस्मृतीनें अनेक वर्षांचा अन्याय एका दिवसाच्या प्रसंगांत सांठविला, असें आम्हांस वाटतें. परंतु तो प्रसंगच इतिहास मानला, तर नियमानें चाललेला अन्याय एका धनिकाच्या मानभंगाएवढाच उरतो, आणि दारावरून परतलेले इतर लोक दुसऱ्यांदा बाहेर राहतात.

जमशेटजी १९ मे १९०४ रोजीं निवर्तले. तत्पूर्वींचें त्यांचें पत्र, प्रत्यक्षदर्शीची रोजनिशी किंवा क्लबाच्या सभेचें टिपण, यांपैकीं एखादा कागद कोणा संग्राहकाच्या दप्तरांत असल्यास तो अवश्य प्रसिद्ध व्हावा. तोंपर्यंत कथा सांगावी; मात्र तिच्या आरंभीं ‘असें म्हणतात’ हे दोन शब्द जोडावे.

माळशिरस.